दुपारची घरघर

बिघडलेलं यंत्र दुकानात आलं की शहाण्यासारखं वागतं. घरी आठवडाभर खरखरणारा अॅम्प्लिफायर माझ्या काउंटरवर ठेवून बटण दाबलं की असा स्वच्छ वाजतो, की आणणारा माणूस ओशाळून जातो. "ताई, आत्ता सकाळी तर बोंबलून राह्यला होता हा." मी म्हणते, ठेवून जा. एकदोन दिवस चालू ठेवते. तो काही बोंबलत नाही. मग गिऱ्हाईक घेऊन जातं आणि परत तेच. आमच्या धंद्यात जळकं, फुटकं, तुटकं दुरुस्त करणं अवघड नसतं. अवघड असतो तो बिघाड, जो तुमच्यासमोर यायलाच तयार नसतो. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी दुकान कुठलं आणि मी कोण हे सांगायला हवं.

दुकान यवतमाळला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मूळ माझ्या सासऱ्यांचं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. माझा नवरा एसटीत कंडक्टर होता आणि त्याला सोल्डरिंगच्या धुराने डोकं चढायचं. मला चढत नसे. लग्नानंतर मी सासऱ्यांना चहा द्यायला दुकानात जायची, तिथून स्टुलावर बसायला लागले, मग हातात सोल्डर आलं. सासरे फार बोलत नसत. चुकलं की फक्त हात पुढे करून माझ्या हातातलं सोल्डर काढून घ्यायचे आणि पुन्हा देताना म्हणायचे, "आधी पाहायचं. मग हात लावायचा."

ते गेल्यावर दुकान मीच चालवलं. नवीन गिऱ्हाईक आलं की काउंटरवरून आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कधी येतीन?" सुरुवातीला मी सांगायची की मीच मिस्त्री. पुढे कंटाळा आला. "येतीन थोड्या वेळात, मशीन ठेवून जा," म्हणायची. संध्याकाळी माणूस यायचा, काम झालेलं असायचं, मिस्त्रींना नमस्कार सांगा म्हणून जायचा. एका डेकोरेशनवाल्याने तर बरीच वर्षं दिवाळीला मिस्त्रींसाठी म्हणून फराळाचा डबा आणून दिला. मी खाल्ला.

माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत निम्मी तरी पॉवर सप्लायची असतात. भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर असो, मंगल कार्यालयाचा मिक्सर असो की कुणाचा जुना डेक, आत एक कोपरा असतो जो भिंतीतली वीज घेतो आणि यंत्राला पचेल अशी करून देतो. भिंतीतली वीज सारखी उलटसुलट होत असते. यंत्राला मात्र एका पातळीवरची, शांत वीज लागते. आधी ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, मग डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. तरी ती उसळ्या मारतच येते. म्हणून पुढे कंडेन्सर असतो. मी गिऱ्हाइकाला सांगते, ही गच्चीवरची टाकी समजा. नळाला पाणी फुसफुसत, थांबत थांबत येतं, टाकी भरते, आणि तुमच्या न्हाणीघरात धार सरळ पडते. आणि शेवटी रेग्युलेटर, म्हणजे धार किती हवी ते ठरवणारी तोटी. टाकी खराब झाली की धार फुसफुसते आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो. आम्ही त्याला घरघर म्हणतो. यवतमाळच्या माणसाला पाण्याच्या टाकीचा दाखला दिला की दुसरं काही सांगावं लागत नाही.

या कोपऱ्याचं एक आहे. तो सगळ्यात जास्त सोसतो आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. बोरी अरबच्या एका मंडपवाल्याने अॅम्प्लिफायर आणला. उघडला तर ट्रान्सफॉर्मर काळा ठिक्कर आणि फ्यूजच्या जागी सायकलच्या स्पोकचा तुकडा.

"हे काय टाकलं भाऊ?"

"फ्यूज घडीघडी उडे ताई. म्हनून पक्की टाकली."

"ती उडत होती म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचत होता."

"हो, पण लगन मधात थांबे ना."

त्याच्या दृष्टीने त्याने लग्न वाचवलं होतं. मी नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, आणि फ्यूजची पुडी त्याच्या हातात देऊन तो स्पोक माझ्याकडे ठेवून घेतला.

आता ती गोष्ट.

पांढरकवड्याच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. नाव सांगत नाही. आजूबाजूच्या गावांतली, कोलामांच्या वस्त्यांवरची म्हणजे पोडांवरची मुलं तिथे राहतात. त्या शाळेतून एक मशीन माझ्याकडे आलं. रंग उडालेली लोखंडी पेटी, समोर एक माईक लावायची जागा आणि मुलांचे हेडफोन लावायला आठ पिना. शिक्षिका माईकवर बोलते, आठ मुलांच्या कानात ते मोठं होऊन पोचतं. प्रत्येकाला आपापला आवाज कमीजास्त करायला बटण. मला तोवर असं यंत्र माहीत नव्हतं. पूर्ण बहिरेपण फार थोड्यांना असतं, बऱ्याच मुलांना काहीतरी ऐकू येत असतं आणि ते थोडंसं वापरून त्यांना बोलायला शिकवता येतं, हेही मला तेव्हाच कळलं.

मशीन आणलं होतं शाळेचा ऑटो चालवणाऱ्या गजूभाऊंनी. सोबत निरोप होता, 'मुलं हेडफोन काढून टाकतात, तपासून द्यावे.' मी सगळ्या पिना तपासल्या, माईकवर बोलून हेडफोन लावून पाहिला. आवाज स्वच्छ. परत पाठवलं. पंधरवड्यात मशीन पुन्हा हजर. या वेळी मी आत उघडून सप्लाय पाहिला. कंडेन्सरची टोपी थोडी फुगली होती. बिघाड सापडला म्हणून मी खूश झाले, नवा टाकला, दिवसभर चालवून बघितला आणि गजूभाऊंना सांगितलं, आता तक्रार येणार नाही.

तक्रार आली, आणि ती घेऊन स्वतः बाई आल्या. वैशाली मॅडम, त्या शाळेत बोलणं शिकवणाऱ्या. तिशीच्या, सडसडीत, एसटीच्या प्रवासाने दमलेल्या. मशीन त्यांनी आणलं नव्हतं.

"मशीन कुठाय?" मी विचारलं.

"आणून उपयोग नाही ताई. इथे ते चांगलंच वाजणार आहे. मला फक्त तुमच्याशी बोलायचं आहे."

असं म्हणणारं गिऱ्हाईक मला आवडतं. मी त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. वर्गात एक मुलगी आहे, जमना. कोलाम पोडावरची, नऊ-दहा वर्षांची. तिच्या कानाच्या तपासणीत असं निघालं होतं की उंच, बारीक आवाज तिला मुळीच ऐकू येत नाहीत, पण खालचे, जाड आवाज बऱ्यापैकी येतात. त्या आठ जणांत सगळ्यात जास्त आशा तिच्याबद्दल होती. सकाळच्या वर्गात ती छान बसते. 'मामा' म्हणते, 'बाबा' म्हणते, 'आई'साठी तोंड उघडते. दुपारच्या वर्गात मात्र पाच मिनिटांत हेडफोन ओढून काढते आणि जमिनीवर ठेवते. जबरदस्ती केली तर रडते. काही दिवस हे चालतं, मग काही दिवस दुपारीही शांत बसते, मग पुन्हा तेच.

"बाकीची मुलं?"

"दोघं-तिघं आवाज कमी करून घेतात. एक झोपतो. पण ते मुलांचं नेहमीचं असेल असं आम्हाला वाटतं. जमनासारखं कुणी करत नाही."

"तुम्ही दुपारी हेडफोन लावून पाहिला?"

"पाहिला ना. थोडं काहीतरी घुमतं, पण मला वाटलं पंख्याचं असेल. आणि ताई, ती जेवढ्या मोठ्या आवाजावर ऐकते तेवढा माझ्या कानाला सोसत नाही. मी कमी करूनच लावते."

स्वतः धावत येण्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. पिना आठच होत्या आणि आणखी एक मुलगा त्या वर्गासाठी थांबला होता. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की जमनाला मशीनचा उपयोग होत नसेल तर जागा त्याला द्यावी. "सर वाईट नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्यांचंही बरोबर आहे. पण बोलायला शिकायचं एक वय असतं. तिचं आता निघूनच चाललं आहे. आत्ता वर्ग सुटला तर ती पुन्हा बसणार नाही."

मी त्यांना विचारलं, ज्या दिवसांत ती रडते त्या दिवसांत आणखी काय वेगळं असतं? हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. त्यांनी आठवून पाहिलं. शेवटी उठता उठता म्हणाल्या, "त्या दिवसांत पंखासुद्धा धड फिरत नाही."

थंडीचे दिवस. शिवारात हरभरा, गहू उभा. शेतीपंपाची लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. दिवसा असली की दुपारच्या सुमाराला सगळे पंप एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब पडतो. त्यांचा पंखा का फिरत नाही ते माझ्या ध्यानात आलं आणि मी म्हटलं, "मॅडम, मीच येते."

पुढच्या आठवड्यात दुकान बंद ठेवून मी पांढरकवड्याची एसटी धरली. फाट्यावर गजूभाऊ ऑटो घेऊन उभे होते. पन्नाशीचे, बोलके. वाटेत त्यांनी मला शाळेचं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "ताई, मिस्त्री नाई आले का सोबत?"

"मीच आहे."

त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मंग इतके दिवस मी मशीन देऊन राह्यलो थे..."

"मलाच."

"बरं झालं, आता मालूम पडलं," ते म्हणाले आणि समोर बघून ऑटो हाकायला लागले.

वर्ग साधा. भिंतींवर चित्रं, बाकं अर्धगोलात, मध्ये टेबलावर ती पेटी. सकाळच्या वर्गाला मी मागे बसले. भिंतीतल्या प्लगला मीटर लावून ठेवला होता. दाब सव्वादोनशेच्या आसपास, उत्तम. मॅडम ओठ दाखवून माईकवर बोलत होत्या. जमना दुसऱ्या बाकावर. बारीक चणीची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. मॅडमनी 'मामा' म्हटलं की तिने आपल्या गळ्यावर बोटं ठेवून 'मामा' म्हणायचं. आवाज घोगरा, पण शब्द ओळखू येत होता. प्रत्येक वेळी म्हणून झालं की ती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची, बरोबर आलं का ते तिथे वाचायची.

जेवणानंतर दुसरा वर्ग. मी मशीनचं झाकण काढून ठेवलं होतं. मुलं बसली. थोड्या वेळाने पंखा मंदावला. मी मीटर पाहिला. एकशे ऐंशी, मग एकशे पंचाहत्तर, मग आणखी खाली. आणि त्याच सुमाराला जमनाने दोन्ही हातांनी हेडफोन काढला, जमिनीवर ठेवला आणि मॅडमकडे बघून हात हलवायला लागली.

ती काय करत होती ते लिहून दाखवते. दोन्ही तळवे बाकावर सपाट ठेवून तिने ते थरथरवले. मग एका हाताने वरून काहीतरी ओतल्यासारखं केलं, दुसरा हात खाली धरला. मग पुन्हा तळवे थरथरवले.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"चक्की," मॅडम म्हणाल्या. "पिठाची चक्की. तिच्या आत्याच्या घराला लागून चक्की आहे. दुपारी तिला घरची आठवण येते. रोज हेच. आम्ही तिला समजावतो की सुट्टीत जाशील, आत्याकडे जाशील, चक्की..."

त्या बोलता बोलता थांबल्या. जमनाने थरथरणारा तळवा बाकावरून उचलून आपल्या कानापाशी नेला होता. तो तिथेही थरथरत होता.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या जमनासमोर खाली बसल्या. हातांनी काही विचारलं. जमनाने मशीनकडे बोट दाखवलं, हेडफोनकडे दाखवलं आणि पुन्हा चक्की केली. या वेळी जोरात, चिडून.

मॅडम उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "ताई, ती घरी जायचं म्हणत नाहीये. ती सांगून राहिली की मशीनमध्ये चक्की आहे."

मला लगेच उलगडलं. तिला जे जाड आवाज ऐकू येत होते, नेमका त्याच पट्टीत सप्लायचा घुंकार असतो. आम्हाला तो पंख्याखाली हरवून जातो. तिच्या कानात दुसरं काहीच नसताना तो एकटाच, मोठा करून, भरला जात होता. मॅडमचा आवाज त्याच्यामागे बुडत होता. ज्या कानावर सगळ्यांची भिस्त होती तोच कान या घरघरीत सापडला होता.

पण समजणं वेगळं आणि खात्री करणं वेगळं. सासऱ्यांनी शिकवलेलं, आधी पाहायचं. मी काट्याचा जुना मीटर काढला आणि सप्लायच्या बाहेरच्या टोकाला अशा तऱ्हेने जोडला की वीज शांत असेल तर काटा शून्यावर झोपेल आणि घरघर असेल तर उठेल. मग मॅडमना म्हटलं, जमनाला हेडफोन लावायला सांगा. चक्की सुरू झाली की हात वर, थांबली की हात खाली. मीटर मी तिच्याकडे पाठ करून ठेवला, तिला काटा दिसू नये म्हणून.

तिला ते पटवायला वेळ लागला. तिने दोनदा मॅडमकडे बघून खात्री करून घेतली की आता हेडफोन काढला तर कुणी रागावणार नाही. मग लावला. हात लगेच वर गेला. काटा उठलेलाच होता. आम्ही वाट पाहत बसलो. शिवारातला कुठलातरी पंप बंद झाला असावा, पंख्याने जरा वेग घेतला, काटा सरकत शून्याकडे आला. जमनाचा हात हळूहळू खाली आला. मग पंखा पुन्हा मंदावला. काटा उठला. हात वर.

मी हेडफोन लावला नाही. दुकानात लावून पाहिला होता, माझ्या कानांचा इथे उपयोग नव्हता. मी एकदा काट्याकडे बघत होते, एकदा हाताकडे. एकदाही चूक झाली नाही. मागच्या दारात मुख्याध्यापक गावंडे सर केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनीही दोन-तीन वेळा तो हात वरखाली होताना पाहिला आणि चप्पल काढून आत आले.

"म्हंजे पोरगी बरोबर होती," ते म्हणाले.

"हो सर. पण एक गोष्ट अजून बघायची आहे. गजूभाऊ कुठे आहेत?"

बिघाड शोधायची आमची एक पद्धत आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याला बाजूला काढायचं आणि त्याच्या जागी खात्रीचं काहीतरी लावायचं. मशीनला बारा व्होल्टची शांत वीज हवी होती. बॅटरीइतकी शांत वीज दुसरी नाही आणि ऑटोत बारा व्होल्टची बॅटरी असते.

गजूभाऊ नाखूश होते. "माह्या गाडीची बॅटरी कायले पायजे? गाडी बंद पडली त मी घरी कसा जाऊ?"

"काढत नाही. ऑटो खिडकीला लावा, मी वायर आत घेते."

"बॅटरी उतरन ना."

"एवढ्याशा मशीनने नाही उतरणार."

"उतरली त धक्का कोन मारन?"

"मी मारन," गावंडे सर म्हणाले.

ऑटो खिडकीला लागला. मी मशीनचा सप्लाय तोडून वेगळा केला, बॅटरीच्या दोन वायरी आत घेऊन जोडल्या, उलटसुलट तर होत नाही ना हे दोनदा पाहिलं. काटा शून्यावर गेला आणि तिथेच राहिला. जमनाने हेडफोन लावला. हात मांडीवर तयार ठेवला होता. पंखा अगदी रांगत होता, म्हणजे शिवारातले पंप जोरात होते. ती वाट पाहत होती. मॅडमनी माईक उचलला, पण बोलल्या नाहीत. त्यांनाही बघायचं होतं.

हात वर गेला नाही. बराच वेळ ती तशीच बसली. मग तिने स्वतःच आपल्या पिनेचं बटण फिरवून आवाज वाढवला आणि मॅडमकडे बघून बोट पुढे केलं, बोला.

मॅडम म्हणाल्या, "मामा."

जमना म्हणाली, "मामा." मग मॅडमनी काही न म्हणता तीच म्हणाली, "बाबा." मग "मामा, बाबा, मामा." सकाळपेक्षा आवाज मोकळा होता. मागच्या बाकावर झोपणारा मुलगाही उठून बसला होता आणि आपलं बटण चाचपून बघत होता. गजूभाऊ खिडकीच्या गजाला धरून आत बघत होते. ते म्हणाले, "राहू द्या ताई, लावलेली राहू द्या. मले घाई नाई."

आता दुरुस्ती. मी आधी टाकी बदलली होती, पण इथे नळालाच पाणी कमी येत होतं. टाकी कितीही चांगली असली तरी पाणी तोटीच्या पातळीला पोचलं नाही तर धार फुसफुसणारच. म्हणून ट्रान्सफॉर्मरच जास्त दाबाचा हवा होता, असा की भिंतीतली वीज निम्म्याच्या आसपास आली तरी आतल्या तोटीपर्यंत पुरेल. तो बाजारात तयार मिळाला नाही. यवतमाळला एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. पण त्याने एक नवी अडचण येते. पंप बंद असतात तेव्हा दाब भरपूर येतो आणि जास्तीचं सगळं रेग्युलेटरला उष्णता करून फेकावं लागतं. म्हणून पेटीच्या मागे मोठी अॅल्युमिनियमची पट्टी बसवली, हवा लागेल अशी. दिसायला मशीन विद्रूप झालं. ते होईपर्यंत दुपारच्या वर्गाला रोज ऑटो खिडकीला लागत होता. गजूभाऊंना कुणी सांगावं लागलं नाही. धक्का मारायचा प्रसंगही आला नाही असं ते म्हणतात. सर म्हणतात, एकदा आला होता.

जमनाची जागा राहिली. थांबलेल्या मुलासाठी सरांनी मला विचारलं, नववी पिन बसवता येईल का. नवीन सप्लायला ते झेपत होतं. बसवून दिली.

ही कामं आता कमी होत चालली आहेत. आजकालच्या यंत्रांत सप्लाय म्हणजे प्लास्टिकचा चिकटवलेला ठोकळा. उघडत नाही. बिघडला की फेकायचा, दुसरा लावायचा. स्वस्त पडतं, मी त्याला वाईट म्हणत नाही. फक्त असा ठोकळा का बिघडला हे कुणी विचारत नाही आणि नवा ठोकळाही त्याच भिंतीत लागतो. माझी बोटंही आता बारीक कामाला थोडी कापतात. दुकान अर्धा दिवस उघडते.

त्या वर्षी पावसाळा लागून शेतं ओली झाल्यावर मी पुन्हा शाळेत गेले. पंप बंद होते, दाब भरपूर होता आणि मागची पट्टी किती तापते ते मला बघायचं होतं. हात टेकवला. तापली होती, पण हात ठेवता येईल इतपत. ठीक होतं. जमना मधल्या महिन्यांत बरंच शिकली होती. अनोळखी माणसाला सगळं कळलं नसतं, पण मॅडम जवळ असल्या की कळत होतं. तिने मला "ताई" म्हटलं. 'त'पेक्षा 'आ' मोठा होता.

काम आटोपून मी निघाले तशी ती बरोबर आली. फाटकापाशी तिने मॅडमचा पदर ओढून हातांनी भराभर काहीतरी विचारलं, माझ्याकडे बघत. मॅडम हसल्या, मग त्यांचं हसू थांबलं.

"काय म्हणते?"

"विचारून राहिली, या ताईंना पण ऐकू येत नाही का म्हणून."

"काहून?"

मॅडमनी तिला विचारलं. जमनाने सावकाश, एकेक हात नीट करून उत्तर दिलं, जसं लहान मुलाला सांगतात तसं.

"म्हणते, ज्यांना ऐकू येतं ते सगळे म्हणत होते, मशीन चांगलं आहे. तुम्ही कानाला काही लावलंच नाही. काट्याकडे पाहिलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणून तुम्ही आमच्यातल्या असणार."

खोटं सांगायचं जिवावर आलं. "सांगा तिला," मी म्हटलं, "येते मला ऐकू."

मॅडमनी सांगितलं. जमनाचा चेहरा किंचित उतरला. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग माझ्या हातातली हत्यारांची जड पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी ती उचलून ऑटोकडे चालायला लागली.